स्टॅम्पपेपरवरची फारकत आणि कोर्टातला घटस्फोट

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात लेक सासर सोडून माहेरी येऊन बसली की वकिलाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. आधी दोन्हीकडची जाणती माणसं बसतात. पोलीस पाटील येतात, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष येतात, मामा-काका येतात. एक-दोन बैठका फिसकटल्या की कुणीतरी म्हणतं, ‘कागद करून टाका.’ मग पूर्वी शंभराचा, आता पाचशेचा स्टॅम्पपेपर आणला जातो. ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही’ असा मजकूर टाइप होतो, साक्षीदारांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो. भांडी-दागिने परत जातात आणि दोन्ही घरं मोकळी झाली असं सगळे समजतात.

कायद्याच्या लेखी मात्र त्या दोघांचं लग्न जसंच्या तसं असतं.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, नोटरीचा नाही. समितीचाही नाही. 2007 पासून राज्यात चालू असलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने कितीतरी भांडणं गावातच मिटवली. समेट घडवणं हे समितीचं काम आणि ते मोलाचं आहे, पण लग्न मोडण्याचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही. कायद्याच्या कलम 29 मध्ये एक फट आहे खरी: ज्या समाजात रूढीनेच काडीमोड होत आली आहे, तिथे ती रूढी मान्य आहे. मात्र 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ‘आमच्यात असंच चालतं’ एवढं सांगून भागत नाही. रूढीच्या आधारे झालेला घटस्फोट सांगणाऱ्याने ती रूढी न्यायालयात मांडली पाहिजे आणि पुराव्याने सिद्धही केली पाहिजे. ते जमलं नाही तर त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करणारा माणूस, बाई असो की पुरुष, द्विभार्या-द्विपती विवाहाच्या गुन्ह्यात सापडू शकतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

त्या कागदातली आणखी एक ओळ बाईला फार महागात पडते: ‘दोघं राजीखुशीने वेगळे राहत आहेत.’ नवराबायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर फौजदारी कायद्याखाली खावटी मिळत नाही. म्हणजे उद्या ती खावटीसाठी कोर्टात गेली की नवऱ्याचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करणार. ‘मी खावटी मागणार नाही’ अशी लिहून घेतलेली अट न्यायालयं सहसा सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानतात, पण ते मानून घ्यायला तिला पेशीमागून पेशी करावी लागते. म्हणून वकिलाकडे जायचं ते सही करण्याआधी.

या जिल्ह्यात गोंड आणि हलबा समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांच्या बाबतीत गणित वेगळं आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. त्यांचं लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीने चालते, आणि वाद कोर्टात गेला तर ती रूढी काय आहे हाच पहिला प्रश्न होतो. बौद्ध आणि जैन कुटुंबांना मात्र हिंदू विवाह कायदाच लागू आहे. मुस्लिम स्त्रीला 1939 च्या कायद्याने न्यायालयात घटस्फोट मागता येतो आणि 2019 पासून एका दमात दिलेला तिहेरी तलाक हा गुन्हा आहे. नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांचा घटस्फोटही त्याच कायद्याने होतो.

हिंदू स्त्रीला घटस्फोटाच्या कायद्याचा आधार या भागात उशिराच मिळाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत 1931 मध्येच हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला होता, मुंबई प्रांतात 1947 मध्ये. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात. त्यामुळे इथल्या बायकांना 1955 पर्यंत थांबावं लागलं.

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब चा परस्परसंमतीचा अर्ज हा सगळ्यात कमी मनस्तापाचा मार्ग. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा संमती द्यायची असते, आणि तोवर कुणाचंही मन बदलू शकतं. सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं की वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, खावटी आणि मुलांचा ताबा ठरला असेल, तर न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं. शहरातल्या जोडप्यांना हे ठाऊक असतं. गावातून आलेल्यांना त्यांचा वकील सांगेल तेव्हाच कळतं.

एकालाच हवा असेल तर कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, कायद्यात दिलेली अशीच काही. ‘पटत नाही’ हे त्यात नाही. मे 2023 मध्ये घटनापीठाने ‘संसार सावरण्यापलीकडे मोडला’ म्हणून घटस्फोट दिला, पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तर साधारणपणे अर्जच करता येत नाही.

आणि घटस्फोट नकोच असेल तर? बहुतेक बायकांची खरी निकड दुसरीच असते. घरात पैसा नाही, मूल शाळेत आहे, मारहाण थांबायला हवी. त्यासाठी लग्न मोडावं लागत नाही. खावटीचा अर्ज, जो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होत असे, तो जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. अंतरिम खावटीचा निर्णय शक्यतो साठ दिवसांत व्हावा असं कायदाच सांगतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करून मारहाणीविरुद्ध संरक्षण, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश आणि खर्च, तिन्ही मागता येतात. हे दोन्ही कायदे धर्म, जात, जमात पाहत नाहीत.

खावटीच्या बाबतीत देशभर वापरला जाणारा निकाल याच विदर्भातून गेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका पत्नीला दरमहा 15,000 रुपये अंतरिम खावटी आणि मुलासाठी वेगळी रक्कम ठरवली. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘रजनीश विरुद्ध नेहा’ या नावाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी त्याचा निकाल लागला. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरायचं, असं न्यायालयाने ठरवून दिलं.

त्या प्रतिज्ञापत्राचा एक नमुना खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे, आणि धानाच्या या पट्ट्यात तो फार कामाचा आहे. जमीन किती, स्वतःची की सामाईक, महसुली नोंदी कुठे आहेत, कोणतं पीक निघतं, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, मासेमारी आहे का, कर्ज किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं. ‘साहेब, माझी कमाई काहीच नाही, शेती बापाच्या नावावर आहे’ हे उत्तर कोर्टात नेहमी ऐकू येतं. सातबारा, आठ-अ आणि आधारभूत केंद्रावर धान विकल्याची पावती समोर आली की ते टिकत नाही. बायकोला वर्षभर शेतावर राबल्यामुळे सगळं तोंडपाठ असतं. किती पोती निघाली, बोनस कुणाच्या खात्यात पडला, हे तिला विचारायचं सुचणारा वकील चांगला.

या भागाची दुसरी अडचण सीमेची. गोंदिया आणि मध्य प्रदेशातलं बालाघाट यांच्यात सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. लेक बालाघाटकडे दिलेली, आता दवनीवाड्यात माहेरी राहते, तर अर्ज कुठे करायचा? 2003 पासून हिंदू विवाह कायद्यात पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. खावटी आणि हिंसाचाराच्या तक्रारीलाही तीच मुभा आहे. नवऱ्याने आधीच बालाघाटला दावा टाकला असेल तर मात्र पंचाईत होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे, आणि त्यासाठी अर्ज थेट दिल्लीला करावा लागतो. घरी आलेलं समन्स ट्रंकेत ठेवून देणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण मग दावा एकतर्फी चालतो.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं होण्याचं कारण नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन करायचा. पहिल्या भेटीला लग्नपत्रिका, फोटो, ग्रामपंचायतीतल्या विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याची चिठ्ठी, दागिन्यांच्या पावत्या आणि नवऱ्याच्या कमाईचा जो काही पुरावा हाती असेल तो न्यावा. आणि वकिलाला विचारावं: घटस्फोट, खावटी, संरक्षण, मुलांचा ताबा, यातलं आधी काय मागायचं आणि का? जो हे समजावून न सांगता फक्त वकीलपत्रावर सही मागतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जायला काहीच हरकत नाही.

आदेश झाला तरी काम संपत नाही. खावटी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला तरी अपिलाची मुदत, हिंदू विवाह कायद्यात ती 90 दिवसांची आहे, सरल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची तारीख काढू नये. आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल जपून ठेवावी. पुढे रेशनकार्डावरचं नाव, मुलांचा शाळाप्रवेश, पुनर्विवाहाची नोंदणी, प्रत्येक ठिकाणी तीच मागतात.