फाइव्ह स्टार हॉटेलची इंटर्नशिप आणि पाथर्डीच्या पोरांकडचं भांडवल



व्हिडिओत मी 'रीजनरेटिव्ह हॉस्पिटॅलिटी' हा शब्द वापरला आणि लगेच विचारणा झाली, की सर, हे नवीन काय काढलं, आणि आमच्या धंद्याशी त्याचा काय संबंध? दहा मिनिटांच्या व्हिडिओत ते बसत नाही, म्हणून इथे लिहितोय. हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्यांनी वाचा, आणि उद्या मोहटादेवीच्या नाहीतर मढीच्या रस्त्यावर स्वतःचं काहीतरी टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी तर नक्की वाचा.

आधी शब्द समजून घ्या. पाणी कमी वापरा, वीज वाचवा, प्लास्टिक टाळा, हे सगळं 'सस्टेनेबल'मध्ये येतं. म्हणजे नुकसान कमी करणं. 'रीजनरेटिव्ह' त्याच्या एक पाऊल पुढे जातं. हॉटेल उभं राहिल्यावर तिथली जमीन, पाणी आणि आजूबाजूच्या माणसांची कमाई आधीपेक्षा सुधारली पाहिजे. शेतकऱ्याच्या पोराला हे समजवायला लागत नाही. जमिनीतून पीक काढायचं तर शेणखत परत टाकावं लागतं, एवढीच ती गोष्ट आहे.

आपल्या मराठी माणसांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मुंबईत विलेपार्ल्याला विमानतळाजवळ विठ्ठल कामत यांनी उभं केलेलं 'ऑर्किड'. 1997 चं हॉटेल. इकोटेल प्रमाणपत्र मिळवणारं आशियातलं पहिलं फाइव्ह स्टार म्हणून ते ओळखलं जातं. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं, खोलीत एक हिरवं बटण, जे पाहुण्याने दाबलं की एसीचा जोर थोडा कमी होतो, असल्या गोष्टी त्यांनी तेव्हा केल्या. 'इडली, ऑर्किड आणि मी' हे त्यांचं पुस्तक लायब्ररीत मिळालं तर घ्या. घरचं हॉटेल असूनही तरुणपणी लंडनला जाऊन दुसऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये राबलेला माणूस आहे हा. इंटर्नशिप म्हणजे आणखी काय असतं?

पण ऑर्किडची मुख्य ओळख बचतीची. परत टाकण्याचं उदाहरण बघायला जरा लांब, कॅनडात जावं लागेल. तिथे फोगो नावाचं एक बेट आहे. पिढ्यानपिढ्या कॉड माशावर जगणारं. 1992 मध्ये सरकारला कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली, आणि तरुण पोरं बेट सोडायला लागली. त्याच बेटावरच्या झिटा कॉब बाहेर मोठी नोकरी करून परत आल्या, आणि 2013 मध्ये तिथे 29 खोल्यांचं अतिशय महागडं हॉटेल सुरू झालं, फोगो आयलंड इन. ते एका धर्मादाय संस्थेच्या मालकीचं आहे, नफा बेटासाठीच वापरला जातो. पाहुण्याने दिलेल्या पैशातला किती भाग पगाराला, किती खाण्यापिण्याला, किती कुठल्या भागात गेला, हे ते चक्क छापून सांगतात. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती, मीठ किती लिहिलेलं असतं ना, तसं.

आता आपला तालुका आठवा. दिवाळी झाली की ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात आणि वस्त्यांवर म्हातारी माणसं उरतात. गाव रिकामं होणं म्हणजे काय, हे तुम्हाला फोगोच्या लोकांइतकंच कळतं. आणि ते थांबवता येतं हेही आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. हिवरे बाजार. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, उसाला नाही म्हटलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. तिथे कुठलं फाइव्ह स्टार हॉटेल नाही, पण 'रीजनरेशन' बघायचं तर मला याहून चांगली शाळा माहीत नाही. पाथर्डीहून सकाळी निघालं, नगरच्या पलीकडे जाऊन बघून आलं, तर संध्याकाळी घरी. इंटर्नशिपच्या मुलाखतीआधी ही एक फेरी माराच.

मुलाखतीत काय सांगणार?

"सर, मला पर्यावरणाची आवड आहे." हे वाक्य सगळेच बोलतात. तुम्ही हिशेब सांगा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. घराचं छत 1,000 चौरस फुटांचं, म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 46,500 लिटर. वीस टक्के वाया गेलं समजा, तरी 37,000 लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर जवळपास पावणेचार टँकर, एका छतावर! टँकरची वाट बघत हंडे लावलेल्या पोराच्या तोंडून हा हिशेब आला की समोरचा सरळ होऊन बसतो. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे याबद्दलही बोला. मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर आता भरडधान्यं येतायत, आणि तुम्ही ती पेरणीपासून बघितलीत. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, आकडे मात्र पाठ पाहिजेत.

जाण्याआधी पैशाचं स्पष्ट विचारा, लाजू नका. स्टायपेंड किती, राहायची सोय आहे का, ड्युटीवर जेवण मिळतं का, शिफ्ट किती तासांची. मुंबईत खोलीभाडंच घरच्यांचं कंबरडं मोडतं. कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं ट्रेनिंग वेगळं आणि 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालचा करार वेगळा. त्या करारात स्टायपेंड देणं बंधनकारक आहे. आणि इंटर्नशिप 'लावून देतो' म्हणून कुणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर फोन ठेवून द्या.

आत गेल्यावर तुम्हाला फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस या चार विभागांत फिरवतील. गंमत अशी, की पाणी-वीज-कचऱ्याची खरी कामं दुसरीकडेच चालतात. सांडपाण्याचा प्लँट इंजिनिअरिंगकडे, आणि माल कुणाकडून घ्यायचा हे परचेसकडे. तिथे दोन-चार दिवस बसू द्या अशी विनंती करा. माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगमधले हेच दिवस सगळ्यात जास्त मोलाचे. ओला कचरा रोज किती किलो निघतो आणि जातो कुठे? भाजी कुठल्या गावाहून येते? बागेला कुठलं पाणी? रोज वहीत लिहा. उत्तरं मिळाली नाहीत तर तेही कळण्यासारखंच आहे. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्दच मुळात 1986 मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन माणसाने हॉटेलवाल्यांच्या 'टॉवेल पुन्हा वापरा' या कार्डांवरून काढला होता.

परचेसमध्ये बसलात तर धंद्याचा डोळा उघडा ठेवा. वर्षभर एकसारखा माल, वेळेवर गाडी, पक्कं बिल, एफएसएसएआय नोंदणी, यावर ते पुरवठादार निवडतात. बिल किती दिवसांनी निघतं हेही बघा. तुम्ही स्वतः माल बनवत असाल आणि उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत पैसे मिळायचा हक्क आहे. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या दुकानदाराला, त्याचा आधार मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि ज्यांना परत यायचंय त्यांच्यासाठी: राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात किमान 1 एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र नोंदवता येतं. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर सातबारा, 8अ आत्ताच काढून बघा, हिस्से पडलेत का, वारस नोंदी झाल्यात का. इंटर्नशिप संपेपर्यंत ते काम मार्गी लागलं पाहिजे, कारण तलाठ्याकडे वेळ लागतो.