इ. स. १८९७ च्या प्लेगचे कागद आणि औषधोपचारांतील वंशभेद

चिंचवड हें गांव इतिहासप्रेमी वाचकांस दोन कारणांनीं परिचित आहे. एक, मोरया गोसावींचें देवस्थान व त्याचें दफ्तर. दुसरें, चापेकर बंधूंचें घर. देवस्थानच्या दफ्तरावर अभ्यासकांनीं पुष्कळ परिश्रम केले आहेत. चापेकरांसंबंधानें मात्र आपली दृष्टि ता. २२ जून १८९७ च्या रात्रीपलीकडे सहसा जात नाहीं. गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या, आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ता. ३ जुलै रोजीं मरण पावला, एवढें सांगून आपण प्रकरण मिटवितों. प्रस्तुत लेखकानेंही शाळेंत हा भाग वर्षानुवर्षें असाच शिकविला, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्या गोळ्यांच्या आधींचे तीन महिने हा वैद्यकाच्या इतिहासाचाही विषय आहे, आणि त्यांत मुख्य प्रश्न वंशभेदाचा आहे, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गांठीचा ताप दिसूं लागला. तो प्लेग होय हें प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोमंतकीय असून ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले होते. त्यांचें निदान सरकारी वैद्यकखात्यानें आरंभीं शंकेनेंच घेतलें. या शंकेमागील व्यवस्था ध्यानांत घेण्याजोगी आहे. वैद्यकखात्यांतील वरिष्ठ जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसकडे असत. त्या सेवेची परीक्षा १८५५ पासून देशी लोकांस खुली झाली होती खरी, पण ती लंडनला जाऊन द्यावी लागे. त्यामुळें बहुतेक देशी डॉक्टरांस दुय्यम जागांवरच आयुष्य काढावें लागे. ज्या डॉ. भाऊ दाजींस आपण शिलालेख व हस्तलिखितें यांचे संशोधक म्हणून वंदन करतों, ते ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. महारोगावरील त्यांचें औषधसंशोधनही त्यांनीं सरकारी सेवेबाहेर राहूनच केलें. पुढें मुंबईस गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय १९२६ च्या सुमारास उभें राहिलें, तेव्हां देणगीदारांनीं अध्यापक देशीच असावेत अशी अट घातली. त्या अटीचें मूळ या अनुभवांत आहे.

ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याअन्वयें सद्हेतूनें काम करणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालत नसे. त्याच सुमारास व्हेनिस येथें प्लेगच्या विचारार्थ युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली होती, व हिंदुस्थानचा व्यापार अडेल ही भीति सरकारास होती. पुण्यास ता. १३ मार्च रोजीं, म्हणजे शके १८१८ च्या फाल्गुनांत, झडत्यांस आरंभ झाला. रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या हाताखालीं गोरे व देशी मिळून सुमारें ९०० लष्करी लोक होते. घरांत शिरावें, जांघा व काखा तपासाव्या, रोग्यास इस्पितळांत व त्याच्या घरच्यांस वेगळ्या छावणींत न्यावें, सामान जाळावें, जमीन खणावी, हा क्रम दोन महिन्यांहून अधिक चालला. पंडिता रमाबाईंनींही प्लेगच्या इस्पितळांतील एका मुलीच्या अवस्थेविषयीं वृत्तपत्रांत तक्रार केली. त्या कांहीं सरकारविरोधी राजकारणांतील नव्हत्या, म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची.

हें सर्व करणारांस रोग कसा पसरतो हेंच ठाऊक नव्हतें. यर्सिन यानें १८९४ मध्यें जंतु शोधला होता. उंदरांवरील पिसवांचा मार्ग सिमाँ यानें १८९८ मध्यें कराचीस सुचविला, व तो १९०५ नंतरच्या संशोधनानें सर्वमान्य झाला. मधल्या काळांत युरोपियन लोक थोडे कां दगावतात याचें उत्तर अनेकदां देशी लोकांच्या राहणींत व प्रकृतींत शोधलें गेलें. मोकळे बंगले व उंदीर यांकडे पुरेसें लक्ष दिलें गेलें नाहीं. येथें चरकसंहितेच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाची आठवण होते. प्रकृति, आहार, वय हीं भिन्न असतांही एका देशाचे लोक एकाच वेळीं कसे मरतात, असा प्रश्न तेथें आहे. आणि वायु, उदक, देश व काल हीं सर्वांस समान म्हणून, असें आत्रेयाचें उत्तर आहे. या ग्रंथांत जंतुशास्त्र होतें असा दावा कोणीं करूं नये. पण प्रश्न मांडण्याची रीत १८९७ च्या अंमलदारांहून सरस होती, एवढें खास.

संशोधनाची बाजू अधिक नाजूक आहे. हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस सिद्ध करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत ती साधारण निम्म्या कैद्यांस देण्यांत आली व उरलेल्यांशीं तुलना करण्यांत आली. कैदी राजीखुषीनें पुढें आले असें नमूद आहे. तुरुंगांतील राजीखुषी ही किती राजी व किती खुषी, हें ज्याचें त्यानें ठरवावें! लस गुणकारी ठरली, यांत वाद नाहीं. तिनें पुढें असंख्य जीव वाचविले. हाफकिन स्वतःही वंशद्वेषांतून सुटले नाहींत. रशियांतील यहुदी, शिवाय वैद्यकाची पदवी नसलेले; १९०२ मध्यें पंजाबांत मलकोवाल येथें लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, तेव्हां दोष त्यांच्या माथीं आला, आणि १९०७ पर्यंत त्यांस त्यांतून मोकळीक मिळाली नाहीं. प्लेगच्या चौकशीसाठीं १८९८ मध्यें प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशनांत पांच सभासद होते व पांचही गोरे होते. देशी डॉक्टरांनीं साक्षी दिल्या. निर्णयांत त्यांस स्थान नव्हतें.

मात्र सर्व दोष परकीयांच्या पदरीं घालून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधीं, ता. १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगनें वारल्या. पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसरनजीक उघडलेल्या दवाखान्यांत मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका मुलास त्यांनीं पाठीवरून आणलें होतें. त्या मुलास दुसऱ्या कोणाच्या दारीं तितक्याच सहज जागा मिळाली असती काय? तसेंच दामोदर चापेकर यांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त वाचतांना सावध असावें. त्यांत झडत्यांविषयींचा संताप आहे, तसा सुधारकांविषयींचा द्वेषही आहे. तें केवळ रोगपीडित जनतेचें गाऱ्हाणें म्हणून पुढें करणें इतिहासास धरून होणार नाहीं.

चिंचवडास लागूनच पिंपरी. तेथें १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून पेनिसिलिन निघूं लागलें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें त्यास साह्य होतें. महागडें परदेशी औषध येथील सामान्य रोग्याच्या आटोक्यांत यावें, हा हेतु. ज्या वर्षीं पिंपरीस हें औषध तयार होऊं लागलें, त्याच वर्षीं अमेरिकेंत अलाबामा प्रांतीं टस्कीगी येथें उपदंश झालेल्या सुमारें ४०० काळ्या पुरुषांपासून तेंच औषध दूर ठेवण्यांत येत होतें. रोग उपचाराविना कसा वाढतो हें पाहण्यासाठीं १९३२ मध्यें सुरू केलेला तो अभ्यास १९७२ पर्यंत चालला, व त्या माणसांस खरें काय तें सांगितलेंच नव्हतें. पिंपरीहून भोसरी हाकेच्या अंतरावर आहे. तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत २००५ मध्यें एच. आय. व्ही. च्या लसीची चांचणी झाली, तेव्हां टोंचून घेणाराची लेखी संमति घेणें हा अशा चांचण्यांचा ठरलेला नियम झालेला होता. भायखळ्यापासून भोसरीपर्यंत मुख्य अंतर पडलें तें या एका कागदाचें.

आतां संग्राहकांस एक विनंति. सरकारी अहवाल व कमिशनचे साक्षीचे खंड छापलेले आहेत. ते नाहींसे होण्याची भीति नाहीं. ज्यांच्या घरांत शिपाई शिरले त्यांचें म्हणणें मात्र खाजगी पत्रांत, जमाखर्चाच्या वह्यांत, पंचांगांच्या समासांत मोडी अक्षरांनीं पडलेलें असण्याचा संभव आहे. चिंचवडपासून चाकणपर्यंत जुने वाडे झपाट्यानें पडत आहेत व त्यांतील रुमाल रद्दीच्या भावानें जात आहेत. पेशवाईचा कागद दिसतांच हात पुढें होतो, शके १८१८-१९ ची वही मात्र अर्वाचीन म्हणून बाजूस टाकली जाते. हें प्रस्तुत लेखकानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. अशी वही मिळाल्यास फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचीं पानें आधीं पाहावीं. घर सोडून शेतांत राहिल्याचा खर्च, जळालेल्या सामानाची याद, छावणींतील दिवस यांच्या नोंदी तेथें सांपडण्याजोग्या आहेत. हीं पानें बहुधा गिरणीच्या कागदाचीं असतात. जुन्नरी कागदासारखीं तीं टिकत नाहींत, घडीवर मोडतात. यास्तव बांधणी उलगडण्यापूर्वींच त्यांची नक्कल करून घ्यावी.