म्हाताऱ्या घोडीची तरुण चाल : भाव कसा करावा, काम किती घ्यावे

'बुढी घोडी, लाल लगाम' ही म्हण आपल्या घराघरांत थट्टेने वापरली जाते. वय झाल्यावर कुणी नटले-मुरडले की ही म्हण ऐकवायची, असा रिवाज आहे. परंतु ज्यांची रोजी घोड्यावर आहे त्यांना विचारले तर ते सांगतील की काही घोड्या विशी ओलांडल्यावरही अशा काही चालतात की लाल लगाम त्यांनाच शोभतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी ज्यांचा या जनावराशी संबंध येतो, त्यांच्यासाठी हा विषय थट्टेचा नसून पैशाचा आहे. म्हणून तो या पानावर घेत आहोत.

वाचक म्हणतील, कापडवाल्यांना घोड्यांची काय पंचाईत? तर शहाड, कल्याण आणि उल्हासनगर या पट्ट्यात आमच्या लहानपणी टांगे होते. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शौकाच्या सफरीच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून एका वर्षात बंद करण्यास सांगितले. आता आपल्या भागात घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत. या घोड्यांच्या झुलीसाठी मखमल, साटीन, गोटा आणि जरीची किनार आमच्याकडून जाते. माप घ्यायला तबेल्यात जावे लागते, आणि माप घेता घेता जनावरही कळू लागते.

शहाडमधील आमच्या एका गिऱ्हाइकाकडे दोन पांढऱ्या घोड्या आहेत. एक सात वर्षांची, दुसरी दातांवरून विशीच्या पुढची. बँडचा पहिला ठोका पडला की थोरली मान कमानीसारखी करते, पाय आपटते, जागच्या जागी नाचते. धाकटी मात्र फटाका वाजला की मागे सरते, लगाम ओढते. गेल्या हिवाळ्यात एका दलालाने थोरलीला अगदी क्षुल्लक भाव सांगितला. कारण एकच, वय. घरात मुलाचे म्हणणे, येईल ते घ्या, वर भर घाला आणि पाच वर्षांची आणा. बापाचे म्हणणे, हिच्या पाठीवर नवरदेव बसवताना मला घाम फुटत नाही, नवीच्या पाठीवर फुटेल. एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न लग्नाच्या चार-पाच महिन्यांवर चालते. एखादी घोडी भर रस्त्यात उधळली तर नवरदेवाचा हात मोडतो, आणि धंद्याचे नाव जाते ते वेगळेच. तेव्हा हा निर्णय साधा नव्हता.

हे नवल आहे काय?

म्हाताऱ्या घोड्याने तरुणासारखे वागावे हे अगदी दुर्मीळ नाही. घोड्याचे सर्वसाधारण आयुष्य पंचवीस ते तीस वर्षांचे. अरबी रक्ताचे घोडे व लहान चणीची तट्टे सहसा जास्त टिकतात. इंग्लंडमधील 'ओल्ड बिली' या घोड्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तो १७६० मध्ये वॉरिंग्टनजवळ वुल्स्टन येथे जन्मला, कालव्याच्या कंपनीसाठी होड्या ओढण्याचे काम करीत राहिला आणि १८२२ मध्ये बासष्टाव्या वर्षी मेला. त्याची कवटी मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. त्याच्याविषयी असे नोंदले आहे की काम थांबवून जेवणाची वेळ झाली की तबेल्याकडे जाण्याची त्याला एवढी घाई होई की वाटेत जो येईल त्याला तो लाथ किंवा दात दाखवी.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. अमेरिकेत 'एल्मर बँडिट' नावाचा अर्ध्या अरबी रक्ताचा घोडा होता. लांब पल्ल्याच्या डोंगरवाटांच्या स्पर्धांत त्याने आयुष्यभरात वीस हजार मैलांहून अधिक अंतर कापले. या प्रकारातील जुना विक्रम त्याने २००८ मध्ये मोडला, तेव्हा त्याचे वय ३७ होते. २०१० मध्ये अडतिसाव्या वर्षी तो गेला. या दोन्ही घोड्यांत एक गोष्ट समान दिसते. दोघे शोभेसाठी बांधून ठेवलेले नव्हते, वर्षानुवर्षे नियमित कामावर होते.

ज्या घोड्याचे दात शाबूत आहेत, खुरांची निगा वेळेवर होते, जो रोज थोडा तरी चालतो, ज्याला दुसऱ्या घोड्याची सोबत आहे आणि ज्याच्या अंगावर चरबीचे ओझे नाही, तो वय वाढले तरी उत्साही राहतो. स्वभावाची चपळाई आणि शरीराची ताकद मात्र एकाच वेगाने उतरत नाहीत. स्वभाव मागे राहतो, शरीर पुढे म्हातारे होते. आमच्या मते या विषयातील नफा-तोट्याचे सारे मर्म येथेच आहे. जो फक्त वय पाहतो तो चांगले जनावर मातीमोल विकतो. जो फक्त चपळाई पाहतो तो ते जनावर मारून टाकतो.

उष्णतेचा हिशेब

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात घोड्यांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पंचविशीच्या आसपासच्या घोड्या आणि तरुण घोड्या यांना यंत्राच्या पट्ट्यावर सारखेच पळवले. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसपर्यंत चढायला म्हाताऱ्या घोड्यांना तरुणींच्या जवळजवळ निम्माच वेळ लागला. म्हणजे घोडी नाचत असली, कान टवकारलेले असले, तरी आतली भट्टी दुप्पट वेगाने तापते आहे. ती स्वतः थांबत नाही, कारण तिचा स्वभाव थांबण्याचा नाही. थांबवायचे काम मालकाचे.

आपल्याकडे लग्ने भर एप्रिल-मेमध्ये होतात. खाली तापलेले डांबर, वर रोषणाईचे दिवे, भोवती गर्दी, कानाशी डीजे. त्यात आम्ही कापडवाले भर घालतो ती झुलीची. जाड मखमल, खाली पॉलिएस्टरचे अस्तर आणि वर किलोकिलोची जर. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, वाराही धरून ठेवते. आमचा धंदा कापडाचा असूनही आम्ही सांगतो की उन्हाळ्यासाठी वेगळी हलकी झूल करून घ्यावी. अस्तर सुती असावे. छातीवर व मांड्यांच्या मध्ये कापड येऊ देऊ नये, कारण घामाने अंग थंड व्हायला तीच जागा मोकळी लागते. जरीऐवजी हलका गोटा लावला तरी दिव्यांत चमक तेवढीच दिसते. झूल शिवणाऱ्या कारागिरांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला आपणहून सुचवावी. हलकी झूल स्वस्त पडते, तेव्हा कारागिराला एका झुलीमागे थोडे कमी मिळेल. पण ज्याची घोडी टिकली तो दरवर्षी नवी झूल शिवायला परत येतो.

कायदाही ध्यानात ठेवावा. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांनुसार दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला कामाला लावता येत नाही. ही मर्यादा सर्व वयांच्या जनावरांची आहे. विशीच्या घोडीसाठी यातले तास निम्मे धरले तर शहाणपणाचे.

विकत घेताना

महाराष्ट्रात घोड्यांचा मोठा बाजार म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा. तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास ही यात्रा भरते. (हे गाव शहादा तालुक्यातले, आमच्या शहाडशी नावापुरतेच साम्य.) नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांचा बाजार असतो. राजस्थान, गुजरात, पंजाबपर्यंतचे माल घेऊन येणारे लोक तेथे भेटतात. घेणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दात. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असे मराठीत म्हणतात. पण येथे गाय धर्माची नाही, पैसे मोजायचे आहेत, तेव्हा दात पाहायलाच हवेत. पाचव्या वर्षी पक्के दात पुरे होतात. खालच्या पुढच्या दातांवरचे खड्डे साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान झिजून जातात. वरच्या कोपऱ्यातील दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी खालपर्यंत पोहोचते. पुढे ती वरून पुसली जाऊ लागते. हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. काही जण दातावर खोटा खड्डा कोरून तो काळा करतात आणि वय लपवतात. अशा वेळी खड्डा एक सांगतो आणि दातांचा पुढे आलेला तिरकेपणा दुसरेच सांगतो.

दुसरी, रंग. लग्नाला पांढरी घोडी लागते. परंतु पांढरी दिसणारी बरीच जनावरे जन्मतः काळपट असतात आणि वयाबरोबर पांढरी होत जातात. जन्मापासून पांढऱ्या नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, यांची काळी. म्हणजे काळ्या कातडीवर दुधासारखा पांढरा रंग हाच वयाचा एक पुरावा आहे. अशा घोड्यांना पंधरा वर्षांपुढे शेपटीखाली गाठी येण्याचे प्रमाण बरेच असते. शेपूट उचलून पाहावे.

तिसरी, चपळाई खरी की बनावट. चार-सहा दिवस भरपूर चंदी चारून जनावर बांधून ठेवले की ते सोडल्यावर उड्या मारतेच. शेपटीखाली आले किंवा तिखट लावण्याची क्रूर युक्तीही फार जुनी आहे. वेदनाशामक इंजेक्शन देऊन लंगड लपवता येते. म्हणून जनावर दोन वेगवेगळ्या दिवशी पाहावे. एकदा तरी सकाळी, दावे सोडताच, कडक जमिनीवर दुडक्या चालीने नेऊन पाहावे. मग थोडे काम देऊन थांबवावे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती जबड्याच्या खालच्या कडेला बोटाने लागते. दहा-पंधरा मिनिटांत नाडी व श्वास खाली येऊ लागले नाहीत तर तो उत्साह कामाचा नाही.

चौथी, दचकणे आणि नाचणे यांतला फरक. उतारवयात काही घोड्यांची नजर मंदावते. असे जनावर बहुधा एकाच बाजूने बिचकते. पाहणाऱ्याला ती चपळाई वाटते, प्रत्यक्षात ती भीती असते. असे जनावर वरातीत नेणे धोक्याचे.

निगा आणि भाव

पंधरा वर्षांपुढील घोड्याचे दात वर्षातून एकदा पशुवैद्याकडून घासून घ्यावेत. चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडू लागले तर दातांची तक्रार आहे असे समजावे. चंदी भिजवून द्यावी. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस गळत नसतील, पाणी फार पीत असेल आणि पाय दुखरे झाले असतील, तर तो म्हातारपणी येणारा ग्रंथींचा आजार असू शकतो. त्यावर औषध आहे. आपल्या भागातून परळला जाणे अवघड नाही. तेथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकराबाई पशुरुग्णालय एकाच आवारात आहेत.

विकणाऱ्याने काय करावे? वय लपवू नये. खोट दाखवून माल विकावा ही आपल्या बाजाराची जुनी शिकवण आहे, आणि येथे ती फायद्याचीही आहे. 'वीस वर्षांची आहे, बँडला सरावलेली आहे, संध्याकाळी एक वरात करते, दुपारचे काम करीत नाही' असे स्पष्ट सांगितले की घेणाऱ्याला भाव लावता येतो. तो तरुण घोडीएवढा मिळणार नाही. पण सरावलेल्या जनावराची किंमत निव्वळ वयावर ठरवणे म्हणजे मुरलेल्या कारागिराला उमेदवाराची मजुरी देण्यासारखे आहे.

आमच्या गिऱ्हाइकाने शेवटी थोरली विकली नाही. तिच्यासाठी नियम ठरवला : दिवसाला एकच वरात, तीही सूर्य मावळल्यावर, मे महिन्यात फक्त जवळची ठिकाणे, मध्ये दोनदा पाणी. धाकटीला तो तिच्या सोबत रिकामी चालवतो, म्हणजे थोरलीला पाहून ती आवाजाला सरावेल. नवी घोडी घेण्याचे पैसे वाचले, आणि दोन हंगामांत धाकटीही तयार होईल असा त्याचा हिशेब आहे. मुलगाही आता सुपारी घेताना तास आधी विचारतो, रक्कम नंतर. थोरलीसाठी सुती अस्तराची हलकी झूल पुढच्या आठवड्यात शिवून द्यायची आहे.