संकेतस्थळाची परीक्षा

बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी नवापूर नावाचे गाव आहे. याच नावाचे तालुक्याचे ठिकाण नंदुरबार जिल्ह्यातही आहे. बोईसरजवळचे नवापूर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि गावाचा जिल्हा बदलला. प्रवेशअर्ज भरून घेणाऱ्या संकेतस्थळाची परीक्षा घ्यायची असेल, तर आम्हाला हे गाव फार उपयोगी वाटते.

समजा, अशा संकेतस्थळावर जिल्ह्यांच्या यादीत ‘पालघर’ हे नाव घालायचे आहे. काम पाच मिनिटांचे वाटते. पण जिच्या जुन्या दाखल्यावर ‘ठाणे’ लिहिले आहे, त्या मुलीचा अर्ज आता स्वीकारला जाईल का? नुसते गावाचे नाव पाहून संगणक तिला नंदुरबारच्या यादीत तर टाकणार नाही ना? आधी भरलेले अर्ज सापडतील ना?

म्हणून नवी सोय तपासून भागत नाही. कालपर्यंत जे नीट चालत होते तेही पुन्हा तपासावे लागते. अशा अडचणीच्या नमुना-अर्जांचा एक संच तयार ठेवावा आणि प्रत्येक बदलानंतर तो पूर्ण चालवून पाहावा. हे सारे वेगळ्या प्रतीवर करावे. जुनी आवृत्तीही जपून ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास मागे फिरता येते.

दुसरी परीक्षा गर्दीची. 16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता राज्यातील दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. विद्यार्थी होते 15 लाखांहून अधिक. थोडे गणित करू. 15 लाख जणांनी तासाभरात एकेकदाच निकाल मागितला, तरी दर सेकंदाला सुमारे 417 मागण्या येतात. सर्व्हरची क्षमता सेकंदाला 300 असेल, तर दर सेकंदाला 117 मागण्या शिल्लक राहतात. दहा मिनिटांत रांग 70 हजारांवर जाते. पान उघडत नाही म्हणून प्रत्येक जण पुन्हा पुन्हा बटण दाबतो, आणि रांग आणखी वाढते.

उपाय दोन. निकालाच्या दिवशी गुण बदलत नाहीत. तेव्हा पाने आधीच तयार करून अनेक सर्व्हरवर ठेवता येतात. आणि कृत्रिम मागण्या पाठवून खऱ्या दिवसाआधीच गर्दीची तालीम घेता येते.

तिसरी परीक्षा राखीव प्रतीची. नवापूरपासून जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. अशा केंद्रांत आणीबाणीसाठी ठेवलेली डिझेल जनित्रे गरज नसतानाही ठरावीक काळाने चालवून पाहतात, कारण बंद जनित्र नुसते पाहून ते चालेल की नाही हे कळत नाही. माहितीच्या राखीव प्रतीचेही तसेच आहे. तिच्यातून माहिती परत उभी करून पाहिल्याशिवाय ती प्रत आहे असे समजू नये.

शाळेसाठी लहानसे संकेतस्थळ तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देता येईल. आडनाव नसलेला विद्यार्थी, 29 फेब्रुवारीचा जन्म, एकाच नावाचे दोघे, आणि दोन्ही नवापूर, असे अर्ज त्यांनी भरून पाहावेत. यातला कोणता अडतो, हे आधी कळले तर दुरुस्ती तासाभराची असते. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कळले, तर त्या विद्यार्थ्याची जागा जाते.