वासरांनी आधी सांगितलेला आजार

बालरोगतज्ज्ञाने पशुवैद्यकात कशाला डोकवावे, असे कोणी विचारले की मला बेल्जियममधील वासरे आठवतात. त्यांची कातडी जन्मतःच इतकी नाजूक, की जराशा ओढाताणीने फाटे. ‘डर्मॅटोस्पॅरॅक्सिस’ या नावाचा अर्थच फाटणारी त्वचा. १९७१ मध्ये कारण उलगडले: कोलॅजनच्या पूर्वरूपाचे एक टोक छाटणारे विकर या वासरांत उणे होते. टोक तसेच राहिले की तंतू नीट रचले जात नाहीत आणि कातडीचे बळ जाते. गाय आणि वळू मात्र धडधाकट. दोघेही वाहक असले, तर दर वेताला चारांत एक एवढा धोका.

मुलांत हाच विकार १९९२ मध्ये ओळखला गेला आणि १९९९ मध्ये दोहोंत एकाच जनुकाचा दोष सापडला. गोठ्यातले उत्तर दवाखान्यात यायला वीस वर्षे लागली!

असे मूल अतिदुर्मिळ. मी अद्याप पाहिलेले नाही. पण सैल, लोंबती त्वचा, बेंबीचा हर्निया आणि अंगावर वारंवार काळेनिळे डाग एकत्र दिसले, तर आईबापांवर मारहाणीचा संशय घेण्याआधी हा विकार आठवावा. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल जुनी आहे. म्हणून अशा वेळी मी प्रथम आईबापांचे लग्नाआधीचे नाते विचारीन.