विश्लेषण : कॅनडातली ‘स्वस्त’ दुकाने एकामागून एक का बंद पडली?

१ जून २०२५ रोजी कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीच्या उरलेल्या दुकानांनी कायमचे शटर ओढले. इंग्लंडच्या राजाच्या सनदेने १६७० साली स्थापन झालेली ही कंपनी आपल्याला माहीत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच कुळातली. साडेतीनशे वर्षांचा हा व्यापार थांबला, ही जगभर बातमी झाली. त्या बातमीच्या एका कोपऱ्यात आणखी एक नाव होते : झेलर्स. कॅनडातल्या मध्यमवर्गीयांचे आणि कामगारवर्गाचे हे हक्काचे दुकान. हडसन्स बेने ते आधी मोठे केले, मग मोडीत काढले, पुन्हा सुरू केले आणि शेवटी स्वतःबरोबर बुडवले.

झेलर्स एकटे नाही. वुल्को, टॉवर्स, केमार्ट, बार्गेन हॅरोल्ड्स, बायवे ही कॅनडातली ‘स्वस्त आणि मस्त’ दुकानांची यादी आज फक्त आठवणीत उरली आहे. खिशात भरपूर पैसा घेऊन आलेली अमेरिकी ‘टार्गेट’ कंपनीही तिथे दोन वर्षे टिकली. असे का झाले?

डिस्काउंट डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे काय?

कपडे, चपला, भांडी, खेळणी, चादरी, वह्या-पेने, छोटी विजेची उपकरणे असे सगळे एकाच छताखाली, पण कमी किमतीत विकणारे मोठे दुकान म्हणजे डिस्काउंट डिपार्टमेंट स्टोअर. गणित सोपे असते. प्रत्येक वस्तूवर नफा थोडा ठेवायचा, पण माल भरपूर आणि पटापट विकायचा. सजावट कमी, नोकर कमी, ग्राहकाने माल स्वतः उचलून काउंटरवर आणायचा. जागा शहराच्या मधोमध नाही, तर उपनगरात, जिथे गाडी लावायला ऐसपैस मैदान मिळते.

या व्यवसायात १९६२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. वॉलमार्ट, केमार्ट, टार्गेट आणि वुल्को या चारही साखळ्यांचे पहिले दुकान अमेरिकेत त्याच एका वर्षात उघडले. पुढच्या पन्नास वर्षांत हे चौघेही कॅनडात गेले. त्यातला एकच तिथे उरला.

झेलर्स इतके लोकप्रिय का होते?

वॉल्टर झेलर यांनी १९३१ मध्ये ही साखळी सुरू केली. ठिकाण लंडन, पण इंग्लंडमधले नव्हे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले लंडन. जागतिक महामंदीचा तो काळ होता. ‘काटकसरी कॅनडियनांचे दुकान’ अशीच त्यांची ओळख होती. १९७८ मध्ये हडसन्स बे कंपनीने झेलर्स विकत घेतले. श्रीमंत ग्राहकांसाठी ‘द बे’ आणि बाकीच्यांसाठी झेलर्स, अशी ती वाटणी होती.

१९८६ मध्ये झेलर्सने ‘क्लब झेड’ ही योजना आणली. खरेदीवर गुण जमवायचे आणि त्या बदल्यात वस्तू घ्यायच्या. आज प्रत्येक ॲपमध्ये दिसणारी ही कल्पना तेव्हा नवी होती. सर्वात कमी किंमत हाच आमचा कायदा, अशा आशयाची जाहिरात, ‘झेडी’ नावाचे अस्वल आणि दुकानातच असलेले स्वस्त रेस्टॉरंट यामुळे झेलर्स घराघरात पोहोचले. आई-वडील शाळेची खरेदी करत आणि नंतर तिथेच सगळे जेवत. छोट्या गावांत तर झेलर्स हेच मॉलचे मुख्य दुकान होते.

१९९० च्या सुमारास झेलर्सने टॉवर्सची दुकाने घेतली. १९९८ मध्ये केमार्टची कॅनडातली शंभराहून अधिक दुकाने हडसन्स बेने विकत घेऊन झेलर्समध्ये मिसळली. त्या दशकाच्या अखेरीस झेलर्सची साधारण ३५० दुकाने होती. बाहेरून पाहणाऱ्याला ही भरभराट वाटली असती. प्रत्यक्षात ती बचावाची धडपड होती.

वॉलमार्ट आल्यावर काय बदलले?

वुल्को अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली, पण कॅनडात चालू राहिली. १९९४ मध्ये वॉलमार्टने वुल्कोची कॅनडातली १२२ दुकाने एकदम विकत घेतली. एक-एक दुकान उघडत बसण्याऐवजी एका सहीनिशी ती देशभर पोहोचली.

फरक फक्त किमतीचा नव्हता. ती किंमत परवडण्यामागची यंत्रणा वेगळी होती. कोणत्या दुकानात कोणती वस्तू किती खपली, हे वॉलमार्टला रोजच्या रोज कळे आणि गोदामातून माल त्यानुसार निघे. खरेदी इतकी प्रचंड, की पुरवठादाराकडून दर पाडून घेता येत. झेलर्सने किमती कमी केल्या की तिचा नफा आटे. वॉलमार्टने कमी केल्या तरी काही उरे.

कॅनडाचा भूगोलही समजून घ्यायला हवा. क्षेत्रफळ भारताच्या तिप्पट, लोकसंख्या मात्र सुमारे चार कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. बहुतेक लोक अमेरिकेच्या सीमेलगतच्या लांबच लांब पट्ट्यात विखुरलेले. अशा देशात ट्रक रिकामा धावू न देणे हेच मोठे कौशल्य ठरते. ज्याचे गोदाम आणि वाहतूक चोख, तोच स्वस्त विकू शकतो.

बाकीचे एकेक करून गळाले. बार्गेन हॅरोल्ड्स तर वॉलमार्ट येण्याआधीच, १९९२ मध्ये बुडाली. बायवे २००१ मध्ये बंद झाली. २००६ पासून वॉलमार्टने कॅनडातल्या मोठ्या दुकानांत भाजीपाला-किराणाही ठेवायला सुरुवात केली. टॉवेल वर्षातून एकदा लागतो, दूध दर आठवड्याला. जिथे दूध घ्यायला जायचे, तिथेच टॉवेलही घेतला जातो. झेलर्सकडे या सवयीला उत्तर नव्हते.

झेलर्स विकले की झेलर्सची जागा?

जानेवारी २०११ मध्ये टार्गेटने जाहीर केले, की झेलर्सच्या जास्तीत जास्त २२० दुकानांचे भाडेकरार ती १८२.५ कोटी कॅनडियन डॉलरला घेणार आहे. यातला शब्द नीट वाचायला हवा : भाडेकरार. टार्गेटला झेलर्सचे नाव नको होते, माल नको होता, तिथले कर्मचारीही तिने आपोआप सामावून घेतले नाहीत. त्यांना नव्याने अर्ज करावा लागला. हवी होती ती मॉलमधली जागा. जुने, दीर्घ मुदतीचे भाडेकरार हे दुकानातल्या धंद्यापेक्षा जास्त मोलाचे ठरले होते.

हडसन्स बेची मालकी तेव्हा अमेरिकी गुंतवणूकदारांकडे होती. त्यांच्या दृष्टीने हा उत्तम सौदा होता. सामान्य ग्राहकांचे आणि झेलर्समध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे मात्र दुकान गेले.

टार्गेटचे गणित कुठे चुकले?

सुरुवात घाईपासून झाली. करार झाल्यावर रिकाम्या दुकानांचे भाडे सुरू होते. त्यामुळे टार्गेटने मार्च २०१३ मध्ये पहिली दुकाने उघडली आणि त्याच वर्षात हा आकडा १२४ वर नेला. पुढे तो १३३ झाला. नव्या देशात इतक्या वेगाने विस्तार करताना पहिल्या दुकानात झालेली चूक दुरुस्त करायला वेळच मिळाला नाही. ती चूक थेट शंभर ठिकाणी पोहोचली.

खरी चूक मात्र संगणकात होती. ‘कॅनेडियन बिझनेस’ या नियतकालिकाने २०१६ मध्ये माजी कर्मचाऱ्यांशी बोलून सविस्तर वृत्तांत दिला. त्यानुसार टार्गेटची अमेरिकेतली जुनी प्रणाली कॅनडियन डॉलर आणि फ्रेंच अक्षरे हाताळण्यासाठी बनलेली नव्हती. म्हणून कॅनडासाठी ‘सॅप’ ही नवी प्रणाली बसवण्यात आली. तिच्यात सुमारे ७५ हजार वस्तूंची माहिती नव्याने भरायची होती. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची, किंमत, एका खोक्यात किती नग, अशी माहिती. हे काम थोड्या दिवसांत, बहुतांशी नवख्या कर्मचाऱ्यांकडून करून घेतले गेले.

मग व्हायचे तेच झाले. कुठे सेंटिमीटरऐवजी इंच, कुठे रुंदीच्या रकान्यात उंची, कुठे चुकीचे चलन. त्या वृत्तांतानुसार, तपासणी केली तेव्हा कॅनडातली जेमतेम ३० टक्के माहिती अचूक निघाली. अमेरिकेत हेच प्रमाण ९८ ते ९९ टक्के होते.

एका चुकीच्या आकड्याने एवढे काय बिघडते? बरेच काही. खोके किती मोठे हे प्रणालीला चुकीचे सांगितले, तर ट्रकमध्ये किती माल मावेल आणि फळीवर किती नग बसतील, हे दोन्ही अंदाज चुकतात. मग दुकानात फळ्या रिकाम्या आणि गोदामात माल ठेवायला जागा नाही, असे उलटे चित्र दिसते. टार्गेटच्या गोदामांत नेमके तेच झाले. पुढच्या मागणीचा अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला मागच्या काही वर्षांच्या विक्रीची नोंद लागते. नव्या देशात ती नव्हती. तिथे आशावादी अंदाज भरले गेले आणि त्यानुसार माल मागवला गेला.

ग्राहकाला हे काही माहीत नव्हते. त्याला दिसत होते ते एवढेच : हवी ती वस्तू नाही आणि आहे ती महाग. सीमा ओलांडून अमेरिकेतल्या टार्गेटमध्ये खरेदी करणारे कॅनडियन बरेच होते. तिथल्या किमती त्यांना पाठ होत्या. घराजवळच्या टार्गेटमध्ये तशा किमती मिळाल्या नाहीत. पहिल्यांदा निराश झालेला ग्राहक दुसऱ्यांदा फिरकला नाही.

१५ जानेवारी २०१५ रोजी टार्गेटने कॅनडा सोडत असल्याचे जाहीर केले. निदान २०२१ पर्यंत नफ्याची शक्यता दिसत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सगळी दुकाने बंद झाली.

कर्मचाऱ्यांचे काय झाले?

टार्गेटमधल्या सुमारे १७,६०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीने त्यांच्यासाठी सात कोटी डॉलरचा निधी वेगळा काढला आणि बहुतेकांना किमान १६ आठवड्यांचा पगार मिळेल अशी व्यवस्था केली.

हडसन्स बेच्या वेळी तेही झाले नाही. मार्च २०२५ मध्ये कंपनीने धनकोंपासून संरक्षण मागितले. नंतरच्या काही महिन्यांत आठ हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. अशा प्रकरणात तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांचा हक्क आधी असतो, कर्मचाऱ्यांचा बराच नंतर. अनेक वर्षे नोकरी केलेल्यांनाही कंपनीकडून नोकरी गेल्याची भरपाई मिळाली नाही. केंद्र सरकारच्या वेतन संरक्षण योजनेतली मर्यादित रक्कम हाच त्यांचा आधार होता. कंपनीचे नाव आणि प्रसिद्ध रंगीत पट्टे मात्र ‘कॅनेडियन टायर’ने तीन कोटी डॉलरला विकत घेतले.

मग टिकले कोण?

वॉलमार्ट आणि कॉस्टको तर आहेतच. पण त्यांच्याशिवाय दोन कॅनडियन नावे टिकली. १९६१ मध्ये ओटावात सुरू झालेल्या ‘जायंट टायगर’ने दुकाने आटोपशीर ठेवली, छोट्या गावांत नेली आणि थोडा किराणाही ठेवला. १९९२ मध्ये क्युबेकमध्ये जन्मलेली ‘डोलरामा’ त्याहून लहान जागेत, ठरावीक कमी किमतींच्या वस्तू विकते. आज तिची दुकाने दीड हजारांहून जास्त आहेत. शिकायला टोरंटो किंवा ब्रॅम्प्टनला गेलेला मराठी विद्यार्थी पहिल्या आठवड्यात बादली, हँगर आणि डबे घ्यायला जातो तो बहुधा इथेच. झेलर्सचे नावही त्याने ऐकलेले नसते.

म्हणजे स्वस्त मालाची गरज संपली नाही. मोडला तो मधला प्रकार. वरून वॉलमार्टने आणि खालून डोलरामाने ग्राहक ओढला. मधल्या दुकानांकडे वॉलमार्टची यंत्रणा नव्हती आणि डोलरामाचा कमी खर्चही नव्हता.

झेलर्स परत येईल का?

नाव अधूनमधून येत राहते. शेवटची दोन जुनी दुकाने जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्यावर हडसन्स बेने २०२३ मध्ये आपल्याच दुकानांत झेलर्सचे कोपरे उघडले. लोकांनी रांगा लावल्या, फोटो काढले, पण कंपनी वाचली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात एडमंटनमधल्या एका मॉलमध्ये नव्या मालकाने पुन्हा झेलर्सची पाटी लावली.

जुन्या नावाच्या ओढीने ग्राहक एकदा दुकानात येईल. तो दर आठवड्याला यायचा, तर फळीवर माल हवा आणि किंमत शेजारच्या दुकानापेक्षा कमी हवी. झेलर्सला आणि टार्गेटला जड गेले ते हेच, आणि नव्या मालकाची परीक्षाही तिथेच आहे.