घराला कुंपण घालायचंय? फोनवर काय मोजायचं आणि काय नाही

गावाकडच्या घराला किंवा नव्या प्लॉटला कुंपण घालायचं ठरलं की घरातल्या तरुण मंडळींकडे एक काम हमखास येतं. "तुझ्या फोनवर जरा जागा मोजून बघ की!" फोनवर जागा मोजता येते, यात वाद नाही. पण त्या आकड्यावर भरवसा ठेवून खड्डे खणले आणि खांब शेजारच्या जागेत गेले, तर सिमेंट, जाळी, मजुरी सगळं पाण्यात. वर शेजाऱ्याशी कायमचा वाद.

समजा, तुमचा प्लॉट दोन गुंठ्यांचा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा ३३ बाय ६६ फूट धरू. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरने इकडेतिकडे होतं. ५ मीटर म्हणजे १६ फूट. तुमच्या प्लॉटची अर्धी रुंदी! घराची भिंत किंवा मोठं झाड जवळ असेल तर सिग्नल अडतो, परावर्तित होऊन येतो आणि फरक आणखी वाढतो. जागा मोजणारी ॲप्स क्षेत्रफळ दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत दाखवतात, त्याला भुलू नका. मोठ्या शेताचा ढोबळ अंदाज घ्यायला ती ठीक आहेत, दोन गुंठ्यांची हद्द ठरवायला नाहीत. गूगल मॅप्सवरच्या सॅटेलाइट फोटोचंही तेच, तो फोटोच जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून थोडा सरकलेला असू शकतो.

मग हद्द कळणार कशी?

सुरुवात फोनवरूनच करा. महाभूलेखवर सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा, क्षेत्र आणि नावं जुळतात का ते तपासा. मग महाभूनकाशावर जिल्हा, तालुका, गाव निवडून तुमचा गट नंबर शोधा. गटाचा आकार आणि आजूबाजूचे गट लगेच कळतात. पण इथे एक गोम आहे. तुमचे दोन गुंठे मोठ्या गटातला एक हिस्सा असतील आणि पोटहिस्सा वेगळा मोजलेला नसेल, तर नकाशात अख्खा गटच दिसेल, तुमची रेघ दिसणारच नाही. आणि दिसली तरी ती बघून खांब रोवायचे नसतात.

त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची 'हद्द कायम' मोजणी असते. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो. लगतच्या जमीनधारकांना नोटीस जाते, ठरलेल्या तारखेला भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. आता या मोजणीत रोव्हर वापरतात. तेही उपग्रहांवरच चालतं, पण जमिनीवरच्या कायमस्वरूपी केंद्रांकडून त्याला दुरुस्ती मिळते, म्हणून चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून ठेकेदाराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी अर्ज करा. खुणा दाखवल्या की शेजाऱ्यांच्या समोर प्रत्येक खुणेचा फोटो घ्या, मागे घर किंवा विहीर असं काहीतरी ओळखीचं दिसू द्या. फोनचा खरा उपयोग इथे आहे.

मापं मात्र टेपनेच घ्या. चारही बाजू मोजून झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. ३३ बाय ६६च्या काटकोनी प्लॉटचा कर्ण ७३ फूट साडेनऊ इंच येतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णांत फरक पडला, तर कोपरे काटकोनात नाहीत. खुणा पक्क्या असतील तर प्लॉटच तिरपा आहे, खुणा सरकवू नका.

खांबांचा हिशेब बऱ्याच जणांचा इथेच चुकतो. परिघ १९८ फूट, एका कोपऱ्याला १० फुटांचं गेट, उरले १८८. दर ८ फुटांना खांब म्हणून भागाकार केला की २४ गाळे येतात. पण प्रत्येक कोपऱ्यावर खांब हवाच, म्हणून बाजू वेगवेगळ्या धरा: ६६ला ९, पुन्हा ६६ला ९, ३३ला ५, गेटच्या बाजूच्या २३ला ३. झाले २६ गाळे आणि २७ खांब. कोपऱ्यांना आणि गेटला लागणारे टेकू वेगळे. हा हिशेब फोनवर शीटमध्ये मांडा आणि दोन-तीन ठेकेदारांना तोच पाठवा, म्हणजे दरांची तुलना सरळ होते.

आता खड्डे. फोनमधल्या 'मेटल डिटेक्टर' ॲपने पुरलेली पाइप शोधायच्या फंदात पडू नका. ते ॲप फोनचा कंपास वापरतं, त्याला जेमतेम काही सेंटिमीटरवरचं लोखंड कळतं आणि पीव्हीसी तर अजिबात नाही. नळाची लाइन, बोअरची केबल, सांडपाण्याची पाइप कुठून गेलीय हे घरातल्या जुन्या माणसांना किंवा प्लंबरला विचारा आणि तिथे चुन्याची रेघ मारा.

गेटवर कधीतरी कॅमेरा लावायचा विचार असेल तर काँक्रीट पडण्याआधीच घरापासून गेटपर्यंत एक रिकामी पीव्हीसी पाइप पुरून घ्या, आत ओढायला दोरी टाकून. तिथे वायफाय पोचतं का तेही आत्ताच फोन घेऊन जाऊन बघा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क बहुधा घराच्या भिंतीतच दम तोडेल, २.४वर बघा.

राहिली परवानगी. रस्त्याकडच्या बाजूला किती उंच आणि कसलं कुंपण चालेल, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.